रघुनाथ धोंडो कर्वे

रघुनाथ धोंडो कर्वे (जन्म : मुरुड, १४ जानेवारी १८८२, मृत्यू : मुंबई, १४ ऑक्टोबर १९५३) हे महाराष्ट्रातील समाजसुधारक, लेखक, संपादक आणि गणिताचे प्राध्यापक होते. भारतातील संततिनियमनाच्या चळवळीचे ते एक आद्य प्रवर्तक मानले जातात. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. लैंगिक आरोग्य, विशेषतः स्त्रियांचे आरोग्य, हा विषय मराठीत उघडपणे मांडण्यासाठी त्यांनी १९२७ पासून मृत्यूपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. या लेखनामुळे त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. त्यांना दंड भरावा लागला आणि समाजाचा रोषही पत्करावा लागला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते ज्येष्ठ पुत्र होत.

बालपण आणि शिक्षण

रघुनाथरावांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळच्या मुरुड या गावी झाला. ते नऊ वर्षांचे असताना, १८९१ साली, त्यांच्या आई राधाबाई बाळंतपणात मरण पावल्या. त्या काळी बाळंतपणात स्त्रीचा मृत्यू होणे ही घरोघरीची गोष्ट होती. वारंवार येणारी गर्भारपणे, लहान वयातील मातृत्व आणि प्रसूतीच्या वेळी वैद्यकीय मदतीचा अभाव ही त्यामागची प्रमुख कारणे होती. पुढे रघुनाथरावांनी ज्या प्रश्नाला आयुष्य वाहिले, तो त्यांच्या घरात असा लहानपणीच येऊन गेला होता.

त्याच सुमारास धोंडो केशव कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. गोदूबाई पुढे आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे या नावाने ओळखल्या गेल्या. या विवाहामुळे मुरुडच्या समाजाने कर्वे कुटुंबावर बहिष्कार टाकला. रूढीविरुद्ध वागल्यास समाज काय करतो, याचा अनुभव रघुनाथरावांना अशा रीतीने वडिलांच्या घरातच मिळाला. शंकर, दिनकर आणि भास्कर हे त्यांचे सावत्र बंधू. दिनकररावांच्या पत्नी इरावती कर्वे पुढे मानववंशशास्त्रज्ञ आणि लेखिका म्हणून प्रसिद्ध झाल्या.

रघुनाथरावांचे शालेय शिक्षण पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये झाले. १८९९ साली ते मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आले. १९०४ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून त्यांनी बी. ए. ची पदवी मिळवली. वडिलांप्रमाणेच त्यांचाही विषय गणित होता.

अध्यापन आणि पॅरिस

शिक्षणानंतर रघुनाथरावांनी अध्यापनाचा व्यवसाय पत्करला. पहिल्या महायुद्धानंतर गणिताच्या पुढील अभ्यासासाठी ते पॅरिसला गेले. फ्रेंच भाषेवर त्यांनी चांगले प्रभुत्व मिळवले होते. युरोपात त्या काळी कुटुंबाचा आकार, गुप्तरोग, विवाह आणि स्त्रीपुरुष संबंध या विषयांवर शास्त्रीय लेखन प्रसिद्ध होत होते. नेदरलँड्समध्ये डॉ. आलेटा याकोब्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच स्त्रियांना संततिनियमनाचा सल्ला देण्यास सुरुवात केली होती. अमेरिकेत मार्गारेट सँगर यांनी १९१६ साली ब्रुकलिनमध्ये उघडलेले केंद्र पोलिसांनी बंद पाडले होते. हे सारे विचारप्रवाह रघुनाथरावांनी अभ्यासले.

भारतात परतल्यावर ते मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. हे महाविद्यालय ख्रिस्ती मिशनऱ्यांचे होते. अध्यापनासोबत रघुनाथराव संततिनियमनाचा जाहीर प्रचार करत होते. तो संस्थेच्या चालकांना मान्य नव्हता. प्रचार सोडावा किंवा नोकरी सोडावी, असा प्रसंग आल्यावर त्यांनी १९२५ साली प्राध्यापकपदाचा राजीनामा दिला. त्यानंतर स्थिर उत्पन्नाचे साधन त्यांना फारसे लाभले नाही आणि उरलेले आयुष्य आर्थिक ओढगस्तीत गेले.

संततिनियमन केंद्र

१९२१ साली रघुनाथरावांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. त्याच वर्षी मार्च महिन्यात मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये आपले केंद्र उघडले होते. भारतातील हे अशा प्रकारचे पहिले केंद्र मानले जाते. त्यामागे ना सरकारचा आधार होता, ना एखाद्या मोठ्या संस्थेचा.

या कामात त्यांच्या पत्नी मालतीबाई यांची त्यांना साथ होती. अपरिचित पुरुषाशी या विषयावर बोलणे त्या काळच्या स्त्रीला जवळजवळ अशक्य होते. म्हणून मालतीबाईंचा सहभाग केवळ घरगुती पाठिंब्यापुरता नव्हता. केंद्राच्या कामाची ती गरज होती. या दांपत्याने स्वतः अपत्य न होऊ देण्याचा निर्णय घेतला आणि तो अखेरपर्यंत पाळला. मूल नसलेल्या स्त्रीकडे त्या काळचा समाज ज्या नजरेने पाहत असे, ते लक्षात घेता या निर्णयाचा भार मालतीबाईंवर अधिक पडला असणार.

१९२३ साली रघुनाथरावांचे 'संततिनियमन : आचार आणि विचार' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. गर्भधारणा कशी होते आणि ती कोणत्या उपायांनी टाळता येते, याची माहिती सामान्य वाचकाला कळेल अशा मराठीत त्यात दिली होती. 'राइट एजन्सी' या नावाने त्यांनी पुस्तके आणि संततिनियमनाची साधने लोकांपर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था केली.

समाजस्वास्थ्य

जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' या मासिकाचा पहिला अंक निघाला. संपादन, लेखन, मुद्रितशोधन आणि वितरण ही बहुतेक कामे रघुनाथराव स्वतः करत. नोव्हेंबर १९५३ पर्यंत, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर एक महिन्यापर्यंत, हे मासिक निघत राहिले. सव्वीस वर्षांहून अधिक काळ चाललेल्या या मासिकाचा खप कधीच फार मोठा नव्हता आणि ते बहुतांशी तोट्यातच चालले.

संततिनियमन, गुप्तरोग, मासिक पाळी, गर्भारपण, विवाह, घटस्फोट, वेश्याव्यवसाय, आहार, धर्मचिकित्सा आणि अंधश्रद्धा असे विषय मासिकात येत. मुखपृष्ठावर बहुधा नग्न स्त्रीचे चित्र असे. मानवी देहात लाजण्यासारखे काही नाही, अशी संपादकाची भूमिका त्यामागे होती. टीकाकारांना मात्र त्यातून विरोधासाठी सोपे निमित्त मिळाले. 'शारदेची पत्रे' या सदरात एका स्त्रीच्या नावाने चालू घडामोडींवर आणि सनातनी मतांवर खोचक शैलीत लिहिले जाई. हे लेखन रघुनाथरावांचेच होते.

मासिकातील सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे. लोक आपल्या शरीराविषयीच्या शंका पत्राने विचारत आणि संपादक त्यांना थेट, कमी शब्दांत उत्तर देत. ज्या शंका घरात, शाळेत किंवा वैद्याकडे विचारता येत नसत, त्यांना येथे जागा मिळाली. विचारणाऱ्याची थट्टा किंवा नैतिक कानउघाडणी करण्याऐवजी शारीरिक वस्तुस्थिती सांगणे, हा त्या उत्तरांचा विशेष होता. हस्तमैथुनाने शरीराची हानी होते, ही समजूत त्यांनी पुन्हा पुन्हा खोडून काढली. हेच सदर पुढे दुसऱ्या खटल्याला कारण झाले.

मराठीत या विषयांसाठी सर्वमान्य शब्दच नव्हते. एकीकडे संस्कृतप्रचुर वैद्यकीय संज्ञा होत्या, तर दुसरीकडे शिवीगाळीत वापरले जाणारे शब्द. या दोहोंच्या मधली, सभ्य आणि तरीही स्पष्ट अशी भाषा घडवण्याचे काम 'समाजस्वास्थ्य'ने केले. त्यामुळे मराठी गद्याच्या इतिहासातही या मासिकाची नोंद घेतली जाते.

अश्लीलतेचे खटले

१९३१ साली 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखाबद्दल रघुनाथरावांवर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. पुण्यातील सनातनी मंडळींनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून १०० रुपये दंड केला. त्याविरुद्धचे अपील उच्च न्यायालयात फेटाळले गेले.

फेब्रुवारी १९३४ मध्ये त्यांना पुन्हा अटक झाली. या वेळी आक्षेप वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर होता. त्यांच्या बाजूने बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यायालयात उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिले म्हणून लेखन आपोआप अश्लील ठरत नाही. वाचकाने माहितीसाठी प्रश्न विचारला असेल तर त्याचे उत्तर देणे हे संपादकाचे काम आहे आणि असे प्रश्न विकृत वाटत असतील तर ती विकृती ज्ञानानेच दूर होईल, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. लैंगिक मानसशास्त्रावरील तत्कालीन पाश्चात्त्य संशोधनाचाही त्यांनी आधार घेतला. एप्रिल १९३४ मध्ये निकाल विरुद्ध गेला आणि रघुनाथरावांना २०० रुपये दंड झाला. खटला हरला, तरी लैंगिक आरोग्याची माहिती मिळवणे हा नागरिकाचा हक्क आहे, ही भूमिका भारतीय न्यायालयात मांडली गेली, म्हणून हा खटला महत्त्वाचा मानला जातो.

संततिनियमनाविषयी आंबेडकरांचे मत या खटल्यापुरते मर्यादित नव्हते. नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत त्यांच्या पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या सोयी सरकारने उपलब्ध कराव्यात असा ठराव मांडला. तो बहुमताने फेटाळला गेला.

विचार आणि मतभेद

रघुनाथराव बुद्धिवादी आणि निरीश्वरवादी होते. गोपाळ गणेश आगरकरांच्या परंपरेतील सुधारक म्हणून त्यांची गणना होते. वडिलांच्या आणि त्यांच्या सुधारणेत मात्र फरक होता. धोंडो केशवांनी विधवाविवाह आणि स्त्रीशिक्षण ही कार्ये हाती घेतली, अनाथ बालिकाश्रम आणि महिला विद्यापीठ उभारले. या कार्याला विरोध झाला, तरी कालांतराने समाजाने ते मान्य केले आणि १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले. रघुनाथरावांनी स्त्रीच्या शरीरावर तिचा स्वतःचा अधिकार आहे, अपत्य केव्हा व्हावे आणि व्हावे की नाही हे तिने ठरवावे, असे मांडले. लैंगिक सुख ही पुरुषाची मक्तेदारी नाही आणि त्याचा अपत्यप्राप्तीशी अनिवार्य संबंध नाही, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. हे स्वीकारण्यास त्यांच्या काळातील बहुसंख्य सुधारकही तयार नव्हते.

महात्मा गांधी यांचा कृत्रिम साधनांना विरोध होता. संयम आणि ब्रह्मचर्य हाच त्यांच्या मते योग्य मार्ग होता. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर यांनी वर्ध्याला त्यांची भेट घेतली, तेव्हाही त्यांनी हे मत बदलले नाही. रघुनाथरावांनी या भूमिकेवर सातत्याने टीका केली. संयमाचा उपदेश स्त्रीला संरक्षण देत नाही, कारण संबंधांविषयीचा निर्णय तिच्या हाती नसतो, हा त्यांचा प्रमुख आक्षेप होता.

मराठीत संततिनियमनाचा पुरस्कार करणारे ते एकटेच नव्हते. कादंबरीकार ना. सी. फडके यांनीही या विषयावर इंग्रजीत व मराठीत लेखन केले. मात्र फडके यांचा भर सुप्रजननावर अधिक होता. लोकसंख्यावाढ आणि सुप्रजनन यांविषयीच्या तत्कालीन कल्पनांपासून रघुनाथरावही सर्वस्वी अलिप्त नव्हते. त्यांच्या लेखनाकडे आज पाहताना अभ्यासक या मर्यादेची नोंद घेतात. तरीही राष्ट्राच्या लोकसंख्येपेक्षा व्यक्तीचे आरोग्य आणि सुख यांना त्यांनी दिलेले महत्त्व हे त्यांचे वेगळेपण ठरते.

ग्रंथलेखन

'संततिनियमन : आचार आणि विचार' या पुस्तकाखेरीज 'गुप्तरोगापासून बचाव', 'आधुनिक कामशास्त्र', 'आधुनिक आहारशास्त्र' आणि 'वेश्याव्यवसाय' ही त्यांची प्रमुख पुस्तके होत. 'आधुनिक कामशास्त्र' १९३४ साली, म्हणजे दुसऱ्या खटल्याच्याच वर्षी, प्रसिद्ध झाले. याशिवाय त्यांनी कथा आणि नाटके लिहिली. त्यांची शैली निरलंकृत, तर्कनिष्ठ आणि प्रसंगी उपरोधिक होती.

त्यांच्या काळातील साधने आणि नंतरची संप्रेरके

रघुनाथरावांनी ज्या साधनांचा प्रचार केला ती मुख्यतः रबरी होती : पुरुषांसाठी कंडोम, स्त्रियांसाठी गर्भाशयमुखावर बसवायची टोपी आणि त्यासोबत वापरायची शुक्रजंतुनाशक द्रव्ये. शरीरातील अंतःस्रावी रसायनांवर, म्हणजे संप्रेरकांवर, आधारित उपाय त्यांच्या हयातीत सामान्य स्त्रीपर्यंत पोहोचले नव्हते. त्या संशोधनाचा काळ मात्र 'समाजस्वास्थ्य'च्या काळाशी जुळतो. १९२९ साली अमेरिकेत एडवर्ड डॉइझी आणि जर्मनीत अडोल्फ बुटेनांट यांनी इस्ट्रोन हे स्त्रीसंप्रेरक स्वतंत्रपणे शुद्ध स्वरूपात मिळवले. १९३४ साली प्रोजेस्टेरॉन वेगळे करण्यात यश आले. १९५१ साली मेक्सिकोतील सिंटेक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत नॉरएथिस्टेरॉन तयार झाले आणि १९६० साली अमेरिकेत पहिल्या गर्भनिरोधक गोळीला मान्यता मिळाली.

याच संप्रेरकांचा दुसरा उपयोग रजोनिवृत्तीच्या त्रासांवर होतो. सलग १२ महिने पाळी न आल्यास रजोनिवृत्ती झाली असे मानतात. भारतीय स्त्रियांमध्ये हे सरासरी वय सुमारे ४६ ते ४७ वर्षे आहे. बीजांडकोशांतून स्रवणारे इस्ट्रोजेन कमी झाल्याने अंगातून अचानक वाफा आल्यासारखे वाटणे, रात्री घाम येणे, झोपमोड, योनिमार्गाचा कोरडेपणा आणि हाडांची झीज असे परिणाम होतात. अमेरिकेत १९४२ पासून यासाठी इस्ट्रोजेनच्या गोळ्या मिळू लागल्या. १९८० च्या दशकात इस्ट्रॅडिओल असलेली, त्वचेवर चिकटवायची औषधी पट्टी वापरात आली. ही पट्टी बहुधा ओटीपोटावर किंवा नितंबावर लावतात, स्तनांवर लावत नाहीत, आणि प्रकारानुसार आठवड्यातून एकदा किंवा दोनदा बदलतात.

गोळीतील औषध आतड्यांतून प्रथम यकृतात जाते आणि तेथे रक्त गोठवणाऱ्या घटकांवर परिणाम करते. पट्टीतील औषध त्वचेतून थेट रक्तात मिसळत असल्याने हा टप्पा टळतो. निरीक्षणात्मक अभ्यासांत नेहमीच्या मात्रेच्या पट्टीमुळे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका गोळीइतका वाढलेला दिसत नाही. गर्भाशय असलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन वर्गातील औषध द्यावे लागते, अन्यथा गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची शक्यता वाढते. स्तनाचा कर्करोग, पूर्वी झालेल्या गुठळ्या, यकृताचे गंभीर आजार किंवा कारण न समजलेला रक्तस्राव असल्यास हे उपचार सहसा टाळतात. २००२ साली अमेरिकेतील मोठ्या चाचणीत गोळ्यांच्या स्वरूपातील संयुक्त उपचारांचे धोके समोर आल्यावर त्यांचा वापर एकदम घटला. पुढील विश्लेषणांतून स्त्रीचे वय, रजोनिवृत्तीनंतर गेलेला काळ आणि औषधाचा प्रकार यांनुसार धोका बदलतो, हे स्पष्ट झाले. त्यामुळे निर्णय प्रत्येक स्त्रीच्या प्रकृतीनुसार आणि डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलून घ्यावा लागतो.

अशा संभाषणासाठी आपल्या शरीराविषयी बोलण्याची भाषा आणि धीर दोन्ही लागतात. रघुनाथरावांचे काम मुख्यतः याच बाबतीत होते.

मृत्यू आणि वारसा

१९३० साली म्हैसूर संस्थानाने सरकारी संततिनियमन केंद्रे उघडली. १९४९ साली मुंबईत भारतीय कुटुंब नियोजन संघटना स्थापन झाली आणि १९५२ साली भारत सरकारने राष्ट्रीय कुटुंब नियोजन कार्यक्रम स्वीकारला. ज्या कार्यासाठी रघुनाथरावांनी नोकरी गमावली आणि दंड भरला, ते कार्य त्यांच्या हयातीतच देशाचे अधिकृत धोरण झाले. दुसऱ्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले. वडील धोंडो केशव त्यानंतर नऊ वर्षे हयात होते.

पुण्यात शकुंतला परांजपे यांनी १९३८ पासून सुमारे वीस वर्षे कुटुंब नियोजनाचे काम केले. रँग्लर र. पु. परांजपे यांच्या त्या कन्या. पुढे त्या राज्यसभेच्या नामनियुक्त सदस्य झाल्या.

मृत्यूनंतर काही दशके रघुनाथरावांचे नाव मराठी समाजाच्या विस्मरणात गेले होते. इतिहासकार य. दि. फडके यांनी त्यांचे चरित्र लिहिले, तर अनंत देशमुख यांनी त्यांच्या जीवनाचा आणि लेखनाचा अभ्यास केला. २००१ साली अमोल पालेकर यांनी त्यांच्या जीवनावर 'ध्यासपर्व' हा चित्रपट काढला. त्यात किशोर कदम यांनी रघुनाथरावांची आणि सीमा बिस्वास यांनी मालतीबाईंची भूमिका केली. २०१७ साली अजित दळवी यांनी लिहिलेले आणि अतुल पेठे यांनी दिग्दर्शित केलेले 'समाजस्वास्थ्य' हे नाटक रंगभूमीवर आले. त्यात रघुनाथरावांवरील खटल्यांचे चित्रण असून गिरीश कुलकर्णी यांनी प्रमुख भूमिका केली.